कडुनिंबाच्या कडूपणाला नाव देणारे शास्त्रज्ञ : डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दीकी

पावसाळा सुरू झाला की आपल्या मोहल्ल्यांत दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे महापालिकेची माणसं घरोघरी येऊन पिंपं, टाक्या, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या बॅटरी मारून तपासतात. दुसरी म्हणजे मगरिबच्या सुमाराला कुणाच्या तरी अंगणातून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर येतो. डेंग्यू, मलेरिया, चिकुनगुन्या ही नावं आता लहान मुलांनाही पाठ आहेत. आणि डास म्हटलं की कडुनिंब, हेही आपल्या दादी-नानीपासून चालत आलेलं आहे. हल्ली तर मोबाईलवर रोज एक नवा नुस्खा येतो: कडुनिंबाचं तेल टाकीत टाका, पाला उकळून प्या, बाळाला थेंबभर चाटवा.

पण कडुनिंबात नेमकं असतं काय? त्यातल्या कोणत्या गोष्टीनं डासाची अळी मरते, किती प्रमाणात मरते, आणि कोणत्या गोष्टीनं काहीच होत नाही? हा प्रश्न प्रयोगशाळेत नीट मांडून कडुनिंबाचा कडूपणा पहिल्यांदा वेगळा काढणारे आणि त्याला नाव देणारे शास्त्रज्ञ होते डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दीकी. अलिगढमध्ये फारसी आणि तत्त्वज्ञान शिकलेला हा माणूस, दिल्लीत हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजात कामाला लागला आणि पुढे जगातल्या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञांत गणला गेला. आपल्या मुला-मुलींना त्यांचं नाव क्वचितच माहीत असतं. म्हणून त्यांची ही ओळख.

बाराबंकीचं बालपण, अलिगढचं शिक्षण

सलीमुज्जमाँ यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८९७ रोजी लखनऊजवळच्या बाराबंकी जिल्ह्यातल्या सुबेहा या गावी झाला. योगायोग असा की त्याच वर्षी, दोनच महिने आधी, २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले होते. हिवताप घाणेरड्या हवेनं होतो असं तोवर लोक मानत. तो डासामुळे पसरतो हे कळलं आणि डास मारायचा कसा, हा नवा प्रश्न जगापुढे उभा राहिला. त्या प्रश्नाच्या एका उत्तराशी या बाळाचं नाव पुढे जोडलं जाणार होतं.

घराणं शिकलेलं होतं. थोरले बंधू चौधरी खलीकुज्जमाँ पुढे मुस्लिम लीगचे मोठे नेते झाले. सलीमुज्जमाँ यांचा ओढा मात्र राजकारणाकडे नव्हता. त्यांना चित्रकलेचा नाद होता, शायरीचा शौक होता. लखनऊत सुरुवातीचं शिक्षण झाल्यावर ते अलिगढच्या मोहम्मदन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाले. सर सय्यद यांनी उभं केलेलं हेच कॉलेज १९२० मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठ झालं. तिथून १९१९ मध्ये त्यांनी पदवी घेतली, आणि तीही फारसी व तत्त्वज्ञान या विषयांत. म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत रसायनशास्त्र हा त्यांचा विषयच नव्हता. दहावीनंतर एक फाटा चुकला तर आयुष्य संपलं असं मानणाऱ्या आजच्या पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लंडनहून फ्रँकफुर्टला

१९२० मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. वर्षभरातच त्यांनी तो रस्ता सोडला आणि १९२१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट विद्यापीठात रसायनशास्त्राला प्रवेश घेतला. त्या काळात जर्मनी ही रसायनशास्त्राची राजधानी होती. रंग, औषधं, खतं, सगळ्यांत जर्मन प्रयोगशाळा पुढे होत्या.

तो काळ सोपा नव्हता. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीत १९२३ साली महागाई इतकी भडकली की नोटांची किंमत रद्दीइतकी झाली. अशा शहरात, परक्या भाषेत, नव्यानं घेतलेला विषय त्यांनी सहा वर्षं चिकाटीनं शिकला. हात चित्रकाराचाही होता, तो थांबला नाही. कोळशानं काढलेल्या त्यांच्या चित्रांची प्रदर्शनं फ्रँकफुर्टमध्ये भरली. १९२४ मध्ये सोबत शिकणाऱ्या एथेल श्नेमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२७ मध्ये प्राध्यापक यूलियस फॉन ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. फॉन ब्राउन यांचा हातखंडा अल्कलॉइड या प्रकारच्या रसायनांत होता. क्विनीन, अफूतलं मॉर्फिन, तंबाखूतलं निकोटीन ही सगळी वनस्पतींत सापडणारी अल्कलॉइडं. झाडाच्या मुळातून, सालीतून असं द्रव्य शुद्ध करून कसं काढायचं, ही विद्या घेऊन सिद्दीकी मायदेशी परतले.

हकीमसाहेबांचं स्वप्न

इकडे दिल्लीत हकीम अजमल खान त्यांची वाट पाहत होते. हकीमसाहेब म्हणजे त्या काळातलं देशातलं सर्वांत मोठं हकिमी नाव. काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले, जामिया मिल्लिया इस्लामियाचे पहिले कुलपती. करोलबागेत त्यांनी आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभं केलं होतं, त्याचं उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते झालं होतं. हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम एकाच छताखाली तयार व्हावेत, ही त्यांची इच्छा त्या कॉलेजाच्या नावातच होती.

त्यांची आणखी एक तळमळ होती. इंग्रज सरकारचे डॉक्टर देशी औषधांना थोतांड म्हणत. हकीम आणि वैद्य म्हणत की शेकडो वर्षांचा अनुभव खोटा कसा असेल. या वादात नुसतं भांडून काही साधणार नाही, आपली औषधं आपणच प्रयोगशाळेत तपासली पाहिजेत, असं हकीमसाहेबांचं मत होतं. त्यासाठी कॉलेजात संशोधन विभाग काढायचा होता आणि तो चालवायला नव्या विद्येत तयार झालेला माणूस हवा होता. सिद्दीकी यांच्यावर ती जबाबदारी आली.

काम नीट सुरूही झालं नव्हतं तोच २९ डिसेंबर १९२७ रोजी हकीमसाहेबांचा इंतकाल झाला. पाठीवर हात ठेवणारा माणूस गेला. सिद्दीकी तिशीतले होते, जर्मनीची पदवी हातात होती. दुसरीकडे कुठेही चांगली नोकरी मिळाली असती. पण ते तिब्बिया कॉलेजातच राहिले, १९४० पर्यंत.

सर्पगंधेचं मूळ आणि हकीमसाहेबांचं नाव

त्यांनी पहिल्यांदा हाती घेतली ती सर्पगंधा. हकीम तिला असरोल म्हणतात. बिहारकडे ती वेड लागलेल्या माणसाची दवा म्हणून प्रसिद्ध होती. झोप न येणं, बेचैनी, साप चावणं, अशा अनेक तक्रारींवर तिचं मूळ देत असत.

सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांनी हे मूळ कुटलं, अर्क काढला आणि एकेक घटक वेगळा करायला सुरुवात केली. १९३१ मध्ये त्यांनी जगासमोर मांडलं की या एका मुळात एक नव्हे, अनेक अल्कलॉइडं आहेत. पांढऱ्या स्फटिकांचा एक गट आणि पिवळ्या स्फटिकांचा दुसरा. पिवळ्या गटाला वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून सर्पेंटीन असं नाव दिलं. पांढऱ्या गटाला नाव दिलं अजमलीन. मरहूम हकीम अजमल खान यांचं नाव असं कायमचं रसायनशास्त्राच्या पुस्तकात गेलं. गुरूचा पुतळा उभारण्यापेक्षा ही याद मोठी ठरली. अजमलीन आजही वापरात आहे. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा एक छुपा आजार असतो, तो ओळखण्यासाठी अनेक देशांतले हृदयरोगतज्ज्ञ अजमलीनची चाचणी करतात.

पुढची कहाणी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. रक्तदाब कमी करण्याचा या मुळाचा गुण मुख्यतः ज्या घटकात होता, तो सिद्दीकी यांच्या हाती लागला नव्हता. १९३१ मध्येच कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो असं नोंदवलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करणारे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर या औषधाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटनच्या हृदयरोगावरच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा सगळ्या जगाचं लक्ष या झुडपाकडे गेलं. आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसरपीन वेगळं काढलं. पण एका मुळात अनेक द्रव्यं असतात, प्रत्येकाचं काम वेगळं असतं, आणि ती सुटी केल्याशिवाय काहीच कळत नाही, हा रस्ता आधी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजातून गेला होता.

आता पाळी कडुनिंबाची

१९४० नंतर सिद्दीकी सरकारच्या औद्योगिक संशोधनाच्या कामात आले. १९४२ मध्ये स्थापन झालेली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे आजची सीएसआयआर, तिच्या रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी कडुनिंब हाती घेतला.

कडुनिंब आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? दात घासायला काडी, गोवर-कांजिण्यांत अंथरुणाखाली पाला, धान्याच्या कणगीत सुकी पानं, ऊन लागू नये म्हणून दारात झाड. पण रसायनशास्त्रज्ञांनी या झाडाकडे तोवर फारसं पाहिलं नव्हतं. कारण सरळ होतं. लिंबोळीचं तेल म्हणजे कडू, उग्र वासाचा, गंधकयुक्त द्रव्यांनी भरलेला चिकट गोळा. त्यातून काहीही शुद्ध काढणं जिकिरीचं काम.

सिद्दीकी यांनी ते केलं कसं, हे सोप्या भाषेत सांगता येतं. घरी आपण मेंदी भिजवतो तेव्हा पाण्यात रंग उतरतो. तेलात भिजवली तर वेगळा उतरतो. प्रत्येक द्रव्य कशात ना कशात विरघळतं आणि कशात ना कशात विरघळत नाही. सिद्दीकी यांनी तेलातला पाण्यात न विरघळणारा भाग घेतला आणि तो इथर, पेट्रोलियम इथर, इथाइल असिटेट, पातळ अल्कोहोल अशा निरनिराळ्या द्रावकांतून एकामागून एक फिरवला. प्रत्येक पायरीला काही मागे राहिलं, काही पुढे गेलं. शेवटी १९४२ मध्ये त्यांच्या हाती तीन कडू द्रव्यं आली. त्यांना त्यांनी निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन अशी नावं दिली. तिन्ही नावांत निंब कायम ठेवला.

आज ही गोष्ट लहान वाटेल. पण त्याआधी कडुनिंब म्हणजे एक झाड होतं, एक चव होती, एक भरवसा होता. त्यानंतर तो मोजता येणाऱ्या, वजन करता येणाऱ्या, तपासता येणाऱ्या पदार्थांची यादी झाला. पुढे निंबिनची रचना उलगडण्याच्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांचाही हात लागला. कडुनिंबातून शेकडो संयुगं निघाली, ती या पहिल्या तिघांच्या मागोमाग.

फाळणीनंतर

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. थोरले बंधू त्याच वर्षी पाकिस्तानात गेले. सलीमुज्जमाँ मात्र आणखी चार वर्षं इथेच काम करत राहिले. १९५१ मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांच्या निमंत्रणावरून ते कराचीला गेले. तिथे १९५३ मध्ये त्यांनी आपल्या सीएसआयआरसारखीच संशोधन परिषद उभी केली. कराचीबरोबर ढाका, लाहोर, पेशावर इथे तिच्या प्रयोगशाळा निघाल्या. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो निवडलं. विज्ञानात हा मान फार थोड्यांना मिळतो.

१९६६ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा वय होतं ६९. त्या वयात आपल्याकडे माणूस नातवंडांत रमतो. सिद्दीकी यांनी १९६७ मध्ये कराची विद्यापीठात रसायनशास्त्राची पदव्युत्तर संस्था सुरू केली. सुरुवातीला तिच्याकडे पैसा फारसा नव्हता. १९७६ मध्ये लतीफ इब्राहिम जमाल यांनी हुसेन इब्राहिम जमाल यांच्या नावानं ५० लाख रुपयांची देणगी दिली आणि ती संस्था एचईजे संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. मशीद, मदरसा, मुसाफिरखाना, कब्रस्तानाची भिंत यांसाठी आपल्या समाजातले धनवान हात मोकळा सोडतात, ते चांगलंच आहे. प्रयोगशाळेसाठीही अशी देणगी देता येते आणि तिचा फायदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, याचं हे जिवंत उदाहरण.

डासाच्या अळीपर्यंत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कडुनिंब आणि डास यांचा संबंध विज्ञानानं कसा जोडला?

१९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली. हाइनरिश श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञांनी पाहिलं की टोळांनी सगळी हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाची झाडं तशीच उभी. १९६२ मध्ये दिल्लीत टोळधाड आली तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पिकांवर लिंबोळीच्या गराचं पाणी फवारलं आणि टोळ त्या पिकाला तोंड लावत नाहीत हे दाखवून दिलं. आपले शेतकरी आज जो निंबोळी अर्क फवारतात, त्याच्यामागे हा इतिहास आहे. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी लिंबोळीतून आझाडिरेक्टिन वेगळं काढलं. किड्यांवर सर्वांत जास्त मार करणारं द्रव्य हेच निघालं. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की ती पक्की व्हायला १९८० चं दशक उजाडलं आणि प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करायला २००७ साल. म्हणून आजही ते झाडाच्या बियांतूनच काढावं लागतं.

हे द्रव्य करतं काय? डासाचं आयुष्य चार टप्प्यांचं: अंडं, अळी, कोष, डास. अळी पाण्यातच राहते. वाढताना ती चार वेळा कात टाकते. चौथ्या वेळी तिचा कोष होतो आणि कोषातून उडणारा डास बाहेर येतो. उबदार हवेत हे सगळं साधारण आठ-दहा दिवसांत उरकतं. कात टाकण्यासाठी अळीच्या अंगात एक संप्रेरक ठरावीक वेळी तयार व्हावं लागतं. आझाडिरेक्टिन नेमका त्या घड्याळात घोळ घालतं. अळी लगेच मरत नाही, पण तिला कात नीट टाकता येत नाही, ती अर्धवट राहते आणि संपते. डास होण्याआधीच गोष्ट मिटते.

डीडीटीसारखी कृत्रिम विषं सुरुवातीला जादूसारखी चालली, पण पुढे डासांनी ती पचवायला सुरुवात केली. एकच विष वर्षानुवर्षं मारलं की त्यातून वाचणारे डासच पुढची पिढी वाढवतात. झाडाच्या अर्कात मात्र अनेक द्रव्यं असतात आणि ती वेगवेगळ्या जागी मार करतात. म्हणून वनस्पतींतल्या अळीनाशकांकडे जगभर लक्ष वळलं.

सिद्दीकी त्या वेळी ऐंशी ओलांडलेले होते आणि कराचीच्या संस्थेत पुन्हा कडुनिंबाकडेच वळले होते. या वेळी तेल नव्हे, पानं, साल, फळं. १९८० च्या दशकात त्यांच्या गटानं पानांतून निमोसिनोल, आयसोनिमोसिनोलाइड यांसारखी नवी संयुगं काढली. त्यातल्या काहींची डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासावर तपासणी झाली तेव्हा अळी आणि कोष यांच्या मधल्याच अवस्थेत अडकलेले जीव दिसून आले.

त्यांच्या मृत्यूनंतरही संस्थेनं हे काम चालू ठेवलं. २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर मुलांना शाळेत शिकवावा असा आहे. कडुनिंबाच्या ताज्या पानांतून दोन नवी संयुगं काढली गेली. दोन्ही एकाच पानातली. एडिसच्या चौथ्या टप्प्यातल्या अळ्यांवर दोन्ही तपासली. पहिल्याचं प्रमाण पाण्याच्या दहा लाख भागांत २१ भाग झालं तेव्हा निम्म्या अळ्या मेल्या. दुसऱ्याचं प्रमाण १०० भागांपर्यंत नेलं तरी अळ्यांना काहीच झालं नाही. एकच झाड, एकच पान, एकच कडवट चव. त्यातलं एक डासावर चालतं, दुसरं चालत नाही. हे चाखून कळत नाही, वास घेऊन कळत नाही. वेगळं काढून, मोजून, अळ्या मोजूनच कळतं. सिद्दीकी यांचं सगळं आयुष्य या एका गोष्टीत खर्ची पडलं.

आपल्या देशातही या दिशेनं काम झालं. तामिळनाडूतल्या मदुराईच्या कीटकशास्त्र केंद्रानं भातखाचरांत प्रयोग केले. भाताच्या साचलेल्या पाण्यात जपानी मेंदूज्वर पसरवणारे क्युलेक्स डास वाढतात. तिथे लिंबोळी पेंड टाकली, युरियाला तिचा लेप दिला, अधूनमधून पाणी सोडून शेत सुकू दिलं, आणि अळ्यांची संख्या घटली. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाचाही सहभाग होता. पेंड हे शेतकऱ्याच्या ओळखीचं खत, त्यामुळे पिकालाही फायदाच.

मग घरात काय करायचं?

सिद्दीकी यांची कहाणी वाचून कुणी लिंबोळीच्या तेलाची बाटली घेऊन टाकीवर चढेल, तर तो त्यांचा धडाच विसरला असं म्हणावं लागेल. काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

पिण्याच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल टाकायचं नाही. बाजारातल्या तेलात कोणता घटक किती आहे हे बाटलीकडे बघून कळत नाही. शिवाय आझाडिरेक्टिन उन्हात लवकर नासतं, म्हणून आज टाकलेलं आठवडाभर काम करेल याचा भरवसा नसतो. लहान बाळांना कडुनिंबाचं तेल पाजणं तर धोक्याचंच. १९८१ मध्ये मलेशियातल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे की असं तेल पाजलेल्या बालकांना उलट्या, गुंगी आणि झटके आले, काही दगावली. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, हा समज जीवघेणा ठरू शकतो.

धुरीनं डास थोडा वेळ दूर पळतो, पण पाण्यातल्या अळीला धुराचं काहीच वाटत नाही. दम्याच्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला मात्र त्या धुराचा त्रास होतो.

अळीचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं असतं, हे एकदा कळलं की उपाय आपोआप सुचतो. आठवड्यातून एक दिवस ठरवून टाका, जुम्याचा दिवस सोयीचा. त्या दिवशी पिंप, रांजण, कूलर, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली रिकामी करून आतून घासून कोरडी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. गच्चीवरची टाकी घट्ट झाकायची. मुंबईसारख्या शहरांत मलेरिया पसरवणारा अॅनाफिलिस स्टिफेन्सी डास अशाच टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. गच्चीवर पडलेले टायर, फुटके डबे, नारळाच्या करवंट्या फेकायच्या. मशिदीच्या हौजात पूर्वी मासे सोडलेले असत, त्यात शहाणपण होतं. गप्पीसारखे मासे अळ्या खातात. कमिटीनं महापालिकेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांना बोलावून हौज आणि टाक्या तपासून घ्याव्यात. वनस्पतीपासून बनवलेलं अळीनाशक वापरायचं असेल तर तेही त्यांनाच विचारून, प्रमाण मोजून. आणि ताप आला तर पाल्याचा काढा पीत घरी बसायचं नाही, रक्त तपासून घ्यायचं.

शेवटपर्यंत प्रयोगशाळेत

सिद्दीकी १९९० पर्यंत संस्थेचे संचालक होते. तेव्हा त्यांचं वय होतं ९२. त्यानंतरही स्वतःच्या प्रयोगशाळेत त्यांचं काम चालूच राहिलं. १४ एप्रिल १९९४ रोजी कराचीत त्यांचं निधन झालं. मागे सुमारे ३०० शोधनिबंध, ४० पेटंटं आणि पन्नासहून अधिक नवी संयुगं राहिली. चित्रं राहिली. आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी-विद्यार्थिनी राहिले, ज्यांनी कडुनिंबाचं काम पुढे नेलं.

त्यांनी कधी हकिमी विद्येची टिंगल केली नाही आणि तिची आंधळी तारीफही केली नाही. जुन्या माणसांनी हजारो वर्षांच्या अनुभवातून जे झाड दाखवलं, त्यावर विश्वास ठेवून त्यांनी सुरुवात केली. आणि मग त्या झाडाला प्रश्न विचारले: तुझ्यात काय आहे, किती आहे, कशावर चालतं, कशावर चालत नाही. हकीम अजमल खान यांना तिब्बिया कॉलेजात हेच हवं होतं. आपल्या समाजात आज डॉक्टर व्हायची धडपड करणारी मुलं-मुली खूप आहेत, ही आनंदाची बाब आहे. त्यातल्या काहींनी रसायनशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांकडेही वळावं. आपल्या आजूबाजूची कितीतरी झाडं अजून अशा प्रश्नांची वाट पाहत उभी आहेत, आणि आपल्याच वस्त्यांतल्या पिंपांत अळ्याही वाढत आहेत.